हँडलवरची टोपी

आबा कामावरून घरी आले की आत्या मला एकच गोष्ट विचारायची, "बघ गं वच्छे, टोपी कुटं हाय?" आबा दमलेत का, जेवणार का, यातलं काही नाही. टोपी दारामागच्या खुंटीला असली तर आत्या तव्यावर भाकरी टाकायची आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं जायची. मग आबा दोन शब्द बोलायचे, कुठल्या गावची पिठाची गिरणी सुरू झाली, कुठल्या इंजिनानं दिवसभर छळलं. टोपी अंगणात फटफटीच्या हँडलवर असली तर मात्र आम्ही दोघी पाय न वाजवता वावरायचो. ताट वाढून झाकून ठेवायचं, भाकरी फडक्यात गुंडाळायची आणि आत जाऊन बसायचं. आबा फटफटीशेजारच्या दगडावर बसून असायचे, समोरच्या भिंतीकडं बघत. आई गेल्यापासून टोपी बहुतेक संध्याकाळी हँडलवरच असायची.

परवा माझी नात मला म्हणाली, "आजी, मला जरा स्पेस हवी." मी म्हटलं, घे की बाई, आमच्या घरात ती पोत्यानं पडलेली होती. ती हसली आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं म्हातारी टोमणा मारते आहे. तसा तो टोमणाच होता, पण तिला नव्हता.

आबा आधी सोलापुरात एका गिरणीत फिटर होते. मग ती नोकरी सोडून ते एका शेटजीच्या दुकानात लागले. त्या काळी गावोगाव तेलावर चालणारी इंजिनं यायला लागली होती, कुठं पिठाच्या गिरणीला, कुठं विहिरीवर. दुकानातून इंजिन विकलं गेलं की ते बसवायला आणि बिघडलं की दुरुस्त करायला आबा जायचे. त्यासाठी शेटजींनी त्यांना फटफटी दिली होती, शेजारी साइडकार जोडलेली. साइडकारमध्ये हत्यारांची पेटी, सुटे भाग आणि ग्रीसचा डबा. आमच्या गल्लीत सगळे साळी लोक, घरोघरी माग, दिवसभर खटक-खटक चालायची; त्यांच्या बायका तेलुगूत काहीतरी म्हणून त्या साइडकारकडं बोट दाखवायच्या आणि हसायच्या. मराठीत त्यांनीच तिला नाव दिलं, पाळणा. फटफटी सुरू झाली की तिच्या आवाजात माग बुडायचे आणि ती गल्लीच्या बाहेर पडली की पुन्हा वर यायचे. घरात राहिलेल्याला तो खटक-खटक आवाज आणखीच मोठा वाटायचा.

आई गेली आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. आत्या गावाकडून आमच्यासाठी म्हणून आली होती. तिनं सगळे उपाय केले, गव्हाची गोड हुग्गी केली, शेंगाच्या पोळ्या केल्या, दृष्ट काढली, शेवटी रागावून पाठीत धपाटाही घातला. मी चुलीकडं बघून बसायची, कारण चुलीपुढं आई नव्हती. एके दिवशी आत्या आबांना म्हणाली, "ने रं हिला संगट. हितं बसून वाळून जाईल पोर." आबांनी पेटी थोडी पुढं सरकवली, मागं एक पोतं घडी करून टाकलं आणि मला उचलून पाळण्यात ठेवलं. त्या दिवशी कुठंतरी ओढ्याकाठी आम्ही बसलो, आत्यानं दिलेली कडक भाकरी आबांनी गुडघ्यावर मोडली, तिच्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. मी ती सगळी खाल्ली. आबांनी बघितलं आणि दुसरी मोडली. तेव्हापासून शाळेला सुट्टी असली की मी पाळण्यात असायची. पुढं शाळा सुटली तशी रोजच.

लोकांना वाटायचं, काय भाग्याची पोर, बापाच्या मांडीला मांडी लावून गावं बघत हिंडते. मांडीला मांडी खरीच, हातभर अंतर सुद्धा नव्हतं. पण फटफटीवर बोलता येत नाही. तोंडातला शब्द वारा मागं नेतो, राहिलेला इंजिन खातं. सकाळी निघाल्यापासून दुपारपर्यंत मी आबांच्या डाव्या गुडघ्याकडं आणि त्यांच्या बुटाकडं बघत बसायची. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाळण्यात हुबं ऱ्हायाचं न्हाई. माझ्या हाताला हात लावायचा न्हाई. वजन हाललं की गाडी वाट सोडती, मग तू न्हाई आन् मी न्हाई." मी कधी हललेसुद्धा नाही. उतरल्यावर बोलायचं ठरवलेल्या गोष्टी उतरेपर्यंत शिळ्या व्हायच्या. शिवाय उतरल्यावर कधी कधी टोपी हँडलवर जायची.

ही टोपीची रीत आबांची एकट्याची नव्हती, ती रस्त्याची होती. त्या वेळी आमच्या भागात फटफट्या अशा किती असणार? आबांची एक, एका गलेलठ्ठ डॉक्टरांची एक, एखाद-दोन साहेब लोकांच्या, आणि मैंदर्गीच्या अप्पांची. सगळे एकमेकांना लांबून आवाजावरून ओळखायचे. इतकी थोडी माणसं म्हणून असेल किंवा रस्ते वाईट म्हणून असेल, त्यांच्यात काही रीतीभाती पडून गेल्या होत्या आणि त्या कुणी मोडत नसे. समोरून फटफटी आली की दोघांनी वेग कमी करायचा आणि डावा हात टोपीला लावायचा. ओरडायचं नाही, उगाच भोंगा वाजवायचा नाही. पुढं कुणी असेल तर त्याच्या चाकामागं चिकटायचं नाही. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते, पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यात जाते. म्हणून पुढच्याची धूळ खाली बसेल इतकं मागं राहायचं. आबा त्याला 'एका धुळीचं अंतर' म्हणायचे. पुढं जायचं असेल तर रबरी भोंगा एकदाच दाबायचा आणि वाट बघायची. पुढचा बाजूला होऊन हात दाखवेल तेव्हाच जायचं, आणि पुढं गेल्यावरही लगेच फटफटी पिटाळायची नाही, आपली धूळ त्याला खायला घालायची नाही.

आणि कुणाची फटफटी रस्त्याच्या कडेला उभी दिसली तर थांबायचंच. काही बिघडलं का, पेट्रोल संपलं का, हे लांबूनच विचारायचं. मात्र उभ्या फटफटीच्या हँडलवर टोपी असली तर थांबायचं नाही. टोपी म्हणजे, मी बरा आहे, मला काही नको, तुम्ही जा. मग कुणी झाडाखाली झोपलेला असो, आडोशाला बसलेला असो, नाहीतर नुसताच बसलेला असो. हात टोपीला लावायचा आणि वळून न बघता पुढं जायचं. मी एकदा विचारलं होतं, नुसताच का बसतो माणूस? आबा म्हणाले, "मानसाला कवा कवा कुनी नको आसतं." मी त्यावर पुढं काही विचारलं नाही, कारण ते सांगताना त्यांची टोपी हँडलवर होती.

मैंदर्गीचे अप्पा करडईच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याचे फिरते गुमास्ते होते. धोतर, कोट, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि त्यावर साहेबी शोला हॅट. ती हॅट बघून गावातली पोरं फटफटीमागं पळायची. आबांना ते मिस्त्री म्हणत आणि मला लाडानं अव्वा, कानडीत आई. रस्त्यात गाठ पडली आणि टोप्या डोक्यावर असल्या की दोघं आपापल्या फटफट्या अशा लांब उभ्या करायचे की मध्ये बैलगाडी आडवी बसावी, आणि तिथूनच बोलायचे.

"काय म्हणतीरी मिस्त्री? रस्ता कसाय पुढं?"

"वढ्यापाशी खचलाय. डावीकडनं घ्या."

"घेतो की. काय गं अव्वा, ऊट आतेन?"

ऊट आतेन म्हणजे जेवण झालं का. एवढं कानडी मला यायला लागलं होतं. मी मान हलवायची. मग ते कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढायचे आणि फेकायचे, मी पाळण्यातून झेलायची. एवढ्या वर्षांत ते कधी आमच्या फटफटीजवळ आले नाहीत आणि आबा कधी त्यांच्याजवळ गेले नाहीत. तरी आबांना कुणी जवळचं होतं म्हणायचं तर अप्पाच. अप्पांची फटफटी लांबून ऐकू आली की आबांचा बूट पायटीवर ताल धरायचा. मला तेवढंच दिसायचं ना, बूट.

त्या वर्षी होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती. मैंदर्गीच्या पलीकडं एका गावात गिरणीचं इंजिन बंद पडलं म्हणून निरोप आला. आत्याची कुरकुर आता वाढली होती. "पोर न्हातीधुती झाली. आता पाळण्यात बसवून मिरवशील व्हय तिला? स्थळं बघायचीत का न्हाई?" आबा म्हणाले, "यवडी एक खेप." मी भाकरीचं फडकं घेऊन पाळण्यात बसले तेव्हा मला कळून चुकलं होतं की ही शेवटची. सगळ्या वाटेनं मी सगळं बघून ठेवत होते, ज्वारी काढून मोकळी झालेली रानं, मेंढरं, कडब्याच्या गंजी. आबांकडं वर बघितलं, तर ते रस्त्याकडं बघत होते. वाटलं होतं, आज तरी काहीतरी म्हणतील.

अक्कलकोट मागं पडल्यावर थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला अप्पांची फटफटी दिसली. एका कडुलिंबाच्या झाडाजवळ नीट उभी केलेली, हँडलवर शोला हॅट. अप्पा झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते, आमच्याकडं पाठ, रानाकडं तोंड. अंगावर गार सावली. शेजारी फडक्यावर भाकरी दिसत होती. आबांनी वेग कमी केला, हात टोपीला लावला आणि आम्ही पुढं गेलो. अप्पांनी वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच.

गिरणीवाल्याचं काम दुपार कलेपर्यंत चाललं. इंजिनानं शेवटी धूर सोडला, गाव जमा झालं, कुणीतरी नारळ फोडला. आम्ही परतलो तेव्हा ऊन अजून चटका देत होतं. मी डोळे मिटून बसले होते. आवाज खाली आला म्हणून उघडले, तर पुढं तेच लिंबाचं झाड. अप्पांची फटफटी तिथंच, हॅट तिथंच, अप्पा तसेच बुंध्याला टेकलेले. आबांनी पुन्हा हात टोपीला लावला आणि वेग वाढवला.

मी वळून बघत राहिले. पाळण्यातून मागं बघणारी मी एकटीच, आबा कधीच बघत नसत. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते मला कळत नव्हतं. हॅट होती. माणूस होता. मग माझ्या ध्यानात आलं की सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली होती. अप्पा उन्हात बसले होते. सरळ तोंडावर ऊन, आणि हातभर पलीकडं सावली रिकामी पडलेली. झाडाखाली बसलेला माणूस सावलीबरोबर सरकतो, कुत्रंसुद्धा सरकतं. अप्पा सकाळपासून सरकले नव्हते.

"आबा!" मी ओरडले. काही उपयोग नाही, मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मी पत्र्यावर मुठी आपटल्या, पत्रा एरवीही खडखडायचाच. त्यांच्या हाताला हात लावायचा नव्हता. झाड लहान होत चाललं होतं. मी दोन्ही हातांनी कड धरली आणि पाळण्यात उभी राहिले.

फटफटीनं लगेच झोकांडी खाल्ली. चाक गाडीवाटेच्या चाकोरीत गेलं, पेटीतले पाने एकमेकांवर आदळले, आबांनी कसाबसा तोल सावरून ती शेताच्या बांधाला नेऊन थांबवली. इंजिन बंद पडलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला मारलं नव्हतं, पण त्या वेळी हात उगारला होता.

"मराया निगालीस व्हय गं? काय सांगितलंय तुला?"

"अप्पा हायेत तितं."

"दिसलं मला. टोपी हाय न्हवं? मग जायाचं."

"टोपी हाय, आबा. पन सावली न्हाई त्येंच्यावर."

त्यांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी पहिल्यांदाच मागं वळून बघितलं.

आम्ही पळत गेलो. झाडाजवळ पोचलो आणि आबा थांबले. नेहमीच्या अंतरावर, बैलगाडी आडवी बसेल तेवढ्या. त्यांचे पायच पुढं जाईनात. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अप्पाऽ! काय हवं का?" पुन्हा हाक मारली, तीच, तशीच अदबीनं. मी त्यांना ओलांडून पुढं गेले आणि अप्पांच्या समोर जाऊन बसले. त्यांचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, भाकरीवर मुंग्या. ओठ फुटले होते. डोळे मात्र जिवंत होते, ते माझ्याकडं वळले आणि त्यांतून पाणी आलं. वारं गेलं होतं अंगावरून. सकाळी, आम्ही पहिल्यांदा जाण्याच्या आधीच. खायला बसायचं म्हणून त्यांनी हॅट हँडलवर ठेवली, आणि मग ना हात हलला, ना जीभ. आमची फटफटी त्यांनी ऐकली असणार. आवाजावरून ओळखली असणार. तिचा वेग कमी झाला तेही कळलं असणार, आणि वाढला तेही.

आबा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "सकाळी म्या हात केला. त्येंनी मागं बगितलं न्हाई. म्हटलं, नको आसंल." ते मला सांगत नव्हते, अप्पांना सांगत होते. मग ते खाली बसले, अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आमच्या बाटलीतलं पाणी बोटानं त्यांच्या ओठांना लावत राहिले. इतक्या जवळ मी त्या दोघांना कधी बघितलं नव्हतं.

हत्यारांची पेटी झाडाखाली टाकली आणि अप्पांना पाळण्यात बसवलं. माझ्या पोत्यावर, माझ्या जागेवर. आबांनी स्वतःच्या कमरेच्या पटक्यानं त्यांना कडीला बांधलं आणि मला म्हणाले, "माझ्या मागं बस. घट धर." मागं पत्र्याची उघडी चौकट होती, तिच्यावर मी दोन्हीकडं पाय टाकून बसले, आत्यानं बघितलं असतं तर तिला झीट आली असती. आणि मी आबांच्या कमरेला मिठी मारली. आई गेल्यापासून मी आपणहून त्यांना शिवले नव्हते. म्हणजे पाय धरले असतील सणावाराला, ते वेगळं. त्यांच्या अंगाला रॉकेलचा, घामाचा वास होता आणि आतून काळीज धाडधाड वाजत होतं. त्यांची पाठ हलत होती. मला वाटलं, रस्त्यातल्या खड्ड्यांनी. शहराजवळ रस्ता नीट झाला, तरी पाठ हलतच राहिली. आवाज वारा नेत होता, तोंड मला दिसत नव्हतं. मी गाल त्यांच्या पाठीला टेकवला आणि सोलापूर येऊ नये असं वाटायला लागलं. एक माणूस पाळण्यात अर्धा मेलेला आणि मला असं वाटत होतं. पण खरं ते खरं, तसंच वाटत होतं.

अप्पा जगले. मोठ्या दवाखान्यातून त्यांना मैंदर्गीला नेलं. बोलणं गेलं, उजवं अंग गेलं. आबा त्या बाजूला गेले की त्यांच्या खाटेवर बसून यायचे, खाटेवरच, खाली नाही. आणि एक झालं. आबांनी टोपीची रीत सोडली. हँडलवर टोपी दिसली की ते मुद्दाम थांबायचे आणि पार जवळ जाऊन विचारायचे. एकदा ते गलेलठ्ठ डॉक्टर झुडपाआड बसलेले असताना आबा तिथवर गेले आणि डॉक्टरांनी त्यांना इंग्रजीत शिव्या घातल्या. दुसऱ्या एका साहेबानं शेटजींकडं तक्रार केली. आबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच केलं. स्वतःची टोपी तर त्यांनी हँडलवर परत कधीच ठेवली नाही, ना रस्त्यात, ना घरी.

मला वाटलं होतं, आता संध्याकाळी बोलतील. टोपी रोज खुंटीला असायची, आत्या खूश होऊन गरम भाकऱ्या टाकायची, मी पाण्याचा तांब्या घेऊन जायची. आबा पाणी प्यायचे आणि तांब्या परत द्यायचे. एखादे वेळी तोंड उघडायचे, वाटायचं आता काही म्हणतील, आणि "चटनी चांगली झालीया" म्हणायचे. बोलायची सवयच मोडून गेली होती त्यांची. मीही कुठून सुरुवात करणार? मला त्यांच्याकडून गप्प बसणंच तेवढं शिकायला मिळालं होतं, आणि ते मी चांगलं शिकले होते. पाळण्यात बसणं त्या दिवसापासून बंद झालं. सकाळी फटफटी गल्लीबाहेर पडायची आणि मागांची खटक-खटक वर यायची.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. टेंभुर्णीचं घर, बरी शेती, माणसं चांगली. आजही मी त्यांना नाव ठेवणार नाही. लग्न आमच्या दारात झालं. निघताना आत्या गळ्यात पडून रडली, गल्लीतल्या साळ्यांच्या बायका रडल्या. आबा फटफटीपाशी उभे होते, तिचा कसलातरी नट घट्ट करत. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं म्हणून लगेच काढून घेतला. वऱ्हाड सर्व्हिस मोटारीत बसलं, गठुडी टपावर चढली आणि मोटार पुण्याच्या रस्त्याला लागली.

सोलापूर मागं पडलं आणि माझ्या कानाला तो आवाज लागला. मी मागं वळून बघितलं. मोटारीची धूळ उठत होती आणि त्या धुळीच्या शेवटी फटफटी होती. एका धुळीचं अंतर. मोटार हळू झाली की ती हळू व्हायची, मोटार पळाली की पळायची, जवळ मात्र येत नव्हती, आणि भोंगाही वाजवत नव्हती. शेजारचा पाळणा रिकामा होता, हलका असल्यानं उडत होता. एवढ्या वाटेनं रिकामी फटफटी पिटाळायला त्यांना टेंभुर्णीच्या बाजूला कसलंच काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मोहोळला मोटार पाणी घालायला थांबली. ड्रायव्हर डबा घेऊन उतरला. फटफटीही थांबली, तिथंच मागं, एका बाभळीजवळ. आबा उतरले. त्यांनी टोपी काढली. मी बघत होते. ते फटफटीशेजारी मोटारीकडं तोंड करून उभे राहिले, आणि टोपी त्यांनी हातात धरली. डोक्यावर नाही, हँडलवर तर नाहीच. दोन्ही हातांत, पोटाशी.

मी उभी राहिले. शेजारी माझी चुलत सासू होती, तिनं माझा शालू धरून खाली ओढलं.

"बस खाली. नवरी अशी उटती व्हय मोटारीत?"

"आबा हायेत तितं."

"आसूंदेत की. यायचं आसंल तर येतील चालत. मानूस आपल्या गाडीपाशी हुबा हाय, त्येला काय झालंय?"

"त्येंच्या हातात टोपी हाय."

"मग हातातच आसनार की, बाई. उकडतंय किती." ती हसली, तिच्या पलीकडची हसली. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यांची काय चूक? भर मोटारीत एकाही माणसाला ती टोपी वाचता येत नव्हती. ज्यांना यायची त्यातले एक मैंदर्गीला खाटेवर पडून होते, आणि एक मी.

त्यानंतर आबा आणि मी कितीतरी वेळा भेटलो. ते यायचे, ओसरीवर बसायचे, माझ्या पोरांना पाळण्यात बसवून वेशीपर्यंत फिरवून आणायचे. मोहोळची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. पुढं तेही गेले. आता माझं वय त्यांच्या वयाच्या पार पुढं गेलं आहे, आणि मी खिडकीत बसते तेव्हा घरातले लोक दारातूनच विचारतात, "आजी, काही हवं का?" मी नको म्हणते, ते जातात. चांगली माणसं आहेत. रीत पाळतात.

ड्रायव्हरनं पाणी घातलं, हँडल मारलं. मोटार थरथरली. मी पुन्हा उठायला गेले तर चुलत सासूचा हात माझ्या मांडीवर होता, प्रेमानंच ठेवलेला, पण जड. आबा जागचे हलले नव्हते. टोपी हँडलवर नव्हती, म्हणजे थांबायला हवं होतं, आणि मोटार सुटली. मागं धूळ उठली, त्यात ते दिसेनासे झाले. मी धूळ खाली बसायची वाट बघत राहिले. ती बसली तेव्हा रस्ता दूरवर दिसत होता, बाभळ दिसत होती, आणि आबा अजून तिथंच टोपी धरून उभे होते.